तीन लगडी योकान

ओसाका, २४ ऑक्टोबर १९९०

आत्यास वाकून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी नसल्या तर तू पुढचं वाचत नाहीस, म्हणून लिहितो. इथे डोंगरावरची मेपलची पानं लाल व्हायला लागली आहेत म्हणे. मी पाहिलेली नाहीत. आमच्या वसतिगृहाच्या खिडकीतून दुसऱ्या वसतिगृहाची खिडकी दिसते.

फोन केला नाही, कारण इथला फोन व्यवस्थापकाच्या खोलीत आणि तुझा दुकानाच्या गल्ल्यावर. तुझ्या गल्ल्याशी आमचा अर्धा कारखाना तांदळाचे गोड डांगो खाऊन काड्या चघळत उभा असतो. आज लिहितोय ते त्यातल्या एकाच्याही कानावर जाता कामा नये.

पुढच्या गुरुवारी, एक तारखेला, सागारा साहेबांबरोबर मला एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जायचंय. गिऱ्हाइक कोण आणि जायचं कशाला, ते सांगता येत नाही. तशा कागदावर माझा शिक्का घेतलाय. साहेब म्हणाले, "काजिवारा, घरच्यांनासुद्धा नाही. बायकोलासुद्धा नाही." मला बायको नाही हे त्यांना माहीत आहे, पण ते सगळ्यांना हेच सांगतात. तुला एवढंच सांगतो की काळा सूट घालायचाय, तोंड बंद ठेवायचंय आणि खाली वाकायचंय. साहेब रोज दुपारी माझ्याकडून वाकण्याची तालीम करून घेताहेत. कामिसेच्या कारखान्यातली नवी लाइन चालणार की बंद पडणार, ते सगळं या माणसांच्या मर्जीवर आहे. आणि हे सगळं प्रकरण माझ्याच हातून घडलंय, म्हणून मला पुढे व्हायला हवं.

हात हलवत जाता येणार नाही. प्रसंगाला शोभेल अशी मिठाई तुझ्या दुकानातून पाठव. ओसाकातली दुकानं त्यांना तोंडपाठ आहेत, आपल्या गावची चीज हवी. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, वसतिगृहात मुलं फोडून खातात. काय पाठवायचं ते तूच ठरव. मी आपला चिपा बनवणारा इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी उचलून विक्रीत टाकला. आणि आई-बाबा गेल्यापासून माझं सगळं तूच ठरवत आलीस.

तुझा
सोहेइ

*

कामिसे, कुमामोतो, ३० ऑक्टोबर

सोहेइस अनेक आशीर्वाद.

परसातल्या झाडाला पर्सिमन लगडलेत. निम्मे कावळ्यांचे, निम्मे माझे, असा आमचा तह झालाय. कावळे तो पाळत नाहीत.

तुझं पत्र उभ्यानं उघडलं आणि बसून संपवलं. काही विचारणार नाही. तू सांगू शकत नाहीस, मी विचारू शकत नाही, आणि ज्याला डोळे आहेत त्याला सांगावं लागत नाही. काळा सूट, बंद तोंड, वाकलेली मान, आणि 'माझ्याच हातून घडलंय'. बाळा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुझ्या हातून चूक झाली आहे आणि तू क्षमा मागायला चालला आहेस.

चाळीस वर्षं मी या गल्ल्यावर बसते आहे. माणूस दारातून आत आला की कळतं, याला काय बांधून द्यायचं. उशिरा पोचलेला माणूस तांदळाच्या कुरकुरीत चकत्या नेतो. चुकीचा माल धाडलेला माणूस योकानच्या घट्ट गोड वडीची एक लगड. ज्याच्या गोदामाला आग लागून शेजाऱ्याचं छप्पर जळलं, तो दोन. क्षमेच्या मिठाईला वजन हवं. समोरच्याच्या हातात ते पडलं की मनगट खाली गेलं पाहिजे, मग पुढचं बोलावं लागत नाही. तीन लगडी मी आजवर दोनदाच बांधल्या. एकदा पतपेढीच्या अध्यक्षांसाठी, ते नंतर गाव सोडून गेले. दुसरी गोष्ट सांगत नाही, ती माणसं अजून गावात आहेत.

तुला तीन पाठवते आहे. योकानसाठी अझुकीचे लाल दाणे मी स्वतः निवडले, शिजवले, स्वतः घोटले, हात अजून दुखतोय. राखाडी कागद, फीत नाही. पार्सल रविवारीच गाडीवर चढवलं, आज दुकानात जरा उसंत मिळाली म्हणून पत्र लिहितेय.

वाकलास की त्यांनी ऊठ म्हणेपर्यंत उठू नकोस. कारणं देऊ नकोस. आणि सोहेइ, चूक कितीही मोठी असली तरी या घराचं दार तुला उघडं आहे. नोकरी गेली तर गल्ल्यावर बस. मला तसाही गुडघ्यांचा त्रास आहे.

तुझी आत्या
फुमिनो

*

ओसाका, ४ नोव्हेंबर

आत्यास नमस्कार.

ऋतू थंड होत चाललाय. बाहेरचाही आणि ऑफिसमधलाही.

तुझं पार्सल भेटीच्या आदल्या दिवशी ऑफिसात पोचलं. तुझं पत्र भेटीच्या दुसऱ्या दिवशी वसतिगृहात. उलटं झालं असतं तर आज मी सुखानं झोपलो असतो.

आत्या, आम्ही आभार मानायला गेलो होतो.

आता लपवून काही उपयोग नाही म्हणून लिहितो, वाचून झालं की चुलीत घाल. गिऱ्हाइक म्हणजे कोगाने कंपनी, व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणारी. त्यांचं नवं यंत्र येत्या वसंतात बाजारात यायचंय, आणि त्यातली आवाजाची चिप आपल्या हियामा डेन्शीची आहे. ती ऑर्डर मी आणली, माझ्या आयुष्यातली पहिली. 'माझ्या हातून घडलंय' म्हणजे ते.

आता ऐक काय झालं. खरेदी विभागाचे आवाझु साहेब म्हणजे गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ. सागारा साहेबांनी दोन्ही हातांनी पुडकं पुढे केलं. आवाझु साहेबांनी घेतलं, आणि त्यांचं मनगट खाली गेलं. अगदी तू लिहिलंस तसं. हसू मावळलं. राखाडी कागदाकडे बघून म्हणाले, "हे... इतकं?"

सागारा साहेब म्हणाले, "याहून कमी आणणं आम्हाला शोभलं नसतं."

"केव्हापासून आहे हे?"

"वसंतापासूनच. पण समोर येऊन बोलायला आज धीर केला."

"आणि आमच्याकडे आलेला माल?"

"सगळाच्या सगळा," सागारा साहेब म्हणाले. "एकही चिप दुसरीकडे गेलेली नाही. सगळं आपल्याच पदरात."

आवाझु साहेबांनी कपाळ पुसलं. "मग पुढे काय करायचं म्हणता?"

"पुढेही असंच चालू राहावं, एवढीच विनंती."

आणि आम्ही वाकलो. तालीम चांगली झाली होती. उठलो तेव्हा आवाझु साहेब पांढरेफटक पडले होते. परतताना सागारा साहेब मला म्हणाले, "पाहिलंस, कसे भारावून गेले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोगानेहून निरोप आला: माल पाठवणं थांबवा. संध्याकाळी मी वसतिगृहात तुझं पत्र वाचलं आणि तिथेच जिन्यावर बसलो.

काल सागारा साहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, खरं काय ते कळवून टाकू, आत्यानं चुकून क्षमेची मिठाई पाठवली. साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आपण आभार मानतोय की क्षमा मागतोय हेच ज्या कंपनीला ठाऊक नाही, तिच्याकडून चिप कोण घेईल?" मग त्यांनी फोन करून सांगितलं, मालात कसलाही दोष नाही. पलीकडून आवाज आला, "समजलं. तुमची अडचण समजते." फोन ठेवून साहेब म्हणाले, "मेलो."

तुझा
सोहेइ

*

कामिसे, ८ नोव्हेंबर

सोहेइस आशीर्वाद.

ऋतू गेला खड्ड्यात.

मला दोष देणार असशील तर आधी स्वतःचं पत्र वाच. मी ते तीनदा वाचलं. त्यात 'आनंद' हा शब्द नाही, 'ऑर्डर' नाही, 'मिळाली' नाही. माणूस आभार मानायला जातो तेव्हा त्याच्या अक्षरात तरी ते दिसतं. तुझं पत्र वाचून कुणीही म्हणेल, पोरगं फासावर चाललंय. आणि तुमचे सागारा साहेब! (हे चिन्ह मी मुद्दाम टाकलंय.) वयानं पन्नाशीचा माणूस, राखाडी कागदातलं पुडकं हातात घेऊन निघतो आणि त्याला संशय येत नाही? कधी कुणाची क्षमा मागितली नाही वाटतं आयुष्यात.

हे झालं तोंडानं बोलायचं. मनातलं लिहिते. मला दोन रात्री झोप नाही. नवी लाइन सुरू झाली तेव्हा गावातल्या साठ पोरींना काम लागलं. येता-जाता त्या माझ्याकडून तांदळाची मोची नेतात, 'काकू' म्हणतात. ती लाइन माझ्या तीन लगडींनी बुडाली तर मी कुणाला तोंड दाखवू? दाणे घोटून घोटून मी माझ्याच गावाचं वाटोळं केलं, असं सारखं वाटतं.

काही तरी कर. नाही जमलं तर मला कळव, मी करते.

फुमिनो आत्या

*

ओसाका, १७ नोव्हेंबर

आत्यास नमस्कार.

तू काहीही करू नकोस. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

इथली हकीकत अशी. एकदा मागितलेली क्षमा परत घेता येत नाही, म्हणून सागारा साहेबांनी उलटा मार्ग काढला. म्हणतात, "क्षमा मागून झाली आहे, आता तिला शोभेल असा दोष शोधा." कामिसेला कुरोइवा साहेब चिपा तपासताहेत. तुला ते माहीतच असेल. त्यांनी चिपा भट्टीत भाजल्या, बर्फात गोठवल्या, पाण्याच्या वाफेवर ठेवल्या, हलवल्या, आपटल्या. एकही नापास झाली नाही. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत यावर लोकांनी साके उघडली असती. सागारा साहेब म्हणतात, "सापडत नाही तोच दोष सगळ्यांत भयंकर."

कोगानेच्या बाजूनं तपासणीला मिझोगुची बाई आहेत. मी आणि त्या एका खोलीत समोरासमोर बसून दिवसभर गेम खेळतो, यंत्र कुठे अडखळतं ते बघायला. ऐकायला मजेचं वाटतं, पण एकच उडी मारणारा बेडूक आठवडाभर बघून बघ. मिझोगुची बाई फार हुशार आहेत. परवा मी सहाव्या पातळीवर मेलो तेव्हा मिझोगुची बाई म्हणाल्या, "काजिवारा-सान, तुमची चिप ठीक आहे, पण तुमचा बेडूक नालायक आहे." मिझोगुची बाईंना योकान आवडत नाही, जडशीळ वाटतो म्हणाल्या. मी बेडकाला उडी मारायला लावली.

वर्षअखेरपर्यंत निकाल लागला नाही तर कोगानेवाले नागोयाच्या एका कंपनीकडून चिप घेणार आहेत. मग आपली नवी लाइन बंद. आणि मला साहेब होक्काइदोच्या गोदामावर पाठवतील. तिथे बर्फ आणि खोकी सोडून काही नाही. खोक्यांचं एक बरं असतं, त्यांना मिठाई द्यावी लागत नाही.

सोहेइ

*

कामिसे, २१ नोव्हेंबर

सोहेइस आशीर्वाद.

पर्सिमन संपले. कावळे जिंकले.

पहिली गोष्ट. तुझ्या पत्रात चिपेचा उल्लेख कमी आणि मिझोगुची बाईंचा जास्त आहे. मी काही म्हणत नाही. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई मोजदाद करते, एवढंच.

दुसरी गोष्ट. काल कुरोइवा दुकानात आला होता. तीस वर्षं रोज चार वाजता माझ्याकडे डांगो खाणारा माणूस, गेले पंधरा दिवस फिरकला नव्हता. दारातच उभा राहिला, आत येईना. सगळ्या पोरींसमोर म्हणाला, "माझ्या हाताखालून गेलेली चिप आजवर परत आली नाही, फुमिनो-सान. आणि तुम्ही तिला गुन्हेगार ठरवलंत. बाजू मांडायचीही संधी न देता." मी म्हटलं, "कुरोइवा-सान, बसा, डांगो खा." तर म्हणाला, "ज्या दुकानानं माझ्या चिपेची क्षमा मागितली, त्या दुकानाचा डांगो माझ्या घशाखाली उतरणार नाही." आणि गेला. दारात त्याची छत्री विसरून गेला, म्हणजे खरोखर चिडलेला होता.

सोहेइ, मला रडू आलं. डांगोसाठी नाही. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून.

तेव्हा मी बंदोबस्त करायचं ठरवलं आहे. काय, ते विचारू नकोस. सांगता येत नाही. मीही कागदावर शिक्का मारलाय, कागद माझाच आणि शिक्काही माझाच. पंचांगात येत्या मंगळवारी शुभ दिवस आहे, तोवर धीर धर.

फुमिनो आत्या

*

ओसाका, २ डिसेंबर

आत्यास साष्टांग नमस्कार, आणि हा नेहमीचा नाही.

ऋतूबद्दल: थंडी पडली आहे आणि ती पडली हे फार बरं झालं. का ते पुढे येईलच.

मागच्या रविवारी मिझोगुची बाई यंत्र घरी घेऊन गेल्या. त्यांच्या आजीनं कोतात्सुच्या बुटक्या टेबलाखालचा हीटर लावून वर रजई पसरली होती. सगळं घर पाय आत घालून, रजई कमरेपर्यंत ओढून, संत्री सोलत बसलेलं. चौघं माणसं, चारी बाजू भरलेल्या. टेबलावर जागा नव्हती, म्हणून बाईंनी यंत्र सरळ रजईखाली सरकवलं, हीटरशेजारी. या देशातलं प्रत्येक पोर हिवाळ्यात हेच करणार आहे, हे आमच्या दोन्ही कंपन्यांतल्या एकाही इंजिनिअरच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही चिपा वाफेवर ठेवत होतो.

तासाभरात पडद्यावरचा बेडूक थिजला. चित्र मेलं. पण आवाज? आवाज वाजतच राहिला, आत्या. टुणटुण, टुणटुण, शेवटपर्यंत. कुरोइवा साहेबांना हे सांग. यंत्रात मेलं ते सगळं दुसऱ्यांचं होतं.

दोष झाकणात निघाला. त्याला वारा जायला भोकंच नाहीत. कोगानेच्या म्हाताऱ्या मालकांना यंत्र लाखेच्या पेटीसारखं गुळगुळीत हवं होतं, म्हणाले होते, "माझ्या पेटीला भोकं नकोत." यंत्र आतून तापतं हे खालच्या प्रत्येकाला माहीत होतं. आवाझु साहेबांनाही. पण मालकाला सांगणार कोण? त्या दिवशी ते पांढरे का पडले ते आता कळलं. खाई त्याला खवखवे. त्यांना वाटलं, तापण्याचा बोभाटा आमच्यापर्यंत पोचला.

पुढचं मिझोगुची बाईंनी सांगितलं. मंगळवारी आवाझु साहेब मालकांपुढे गेले आणि म्हणाले, "चिपवाले बिचारे तीन लगडी योकान घेऊन आले होते. म्हणतात दोष आमचाच, आमची चिप उष्णता सोसत नाही. झाकणाला थोडी भोकं पाडायची कृपा करावी, अशी त्यांची याचना आहे." मालक पाऊण तास विचार करत बसले. मग म्हणाले, "इतके वाकलेत तर पाडा. बिचाऱ्यांच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

आवाझु साहेब हे ऐकून आपल्या टेबलाशी परत येतात, तर तिथे पार्सल. तुझ्या ओबोरोया दुकानाचं. आत लाल-पांढरे मांजू, लग्नात वाटतात ते, आणि सोनेरी कागदावर तुझ्या अक्षरात: मनःपूर्वक अभिनंदन.

आत्या, तू हे आभाराची मिठाई म्हणून पाठवलंस हे मला कळतं. कडू गेलं त्यावर गोड. पण आवाझु साहेबांनी काय वाचलं सांगू? ते खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. आमच्या झाकणाचा दोष आम्हाला बोलता येत नाही, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावर घेतला. स्वतः वाकले. आणि आज आम्ही सुटलो, तर अभिनंदन धाडताहेत. अशी कंपनी मी पाहिली नाही."

शुक्रवारी ते स्वतः आमच्या ऑफिसात आले, काळ्या सूटमध्ये. लिफ्ट बंद होती. तीन मजले पुडकं छातीशी धरून चढले, घामानं निथळत होते. राखाडी कागद. पाच लगडी. वाकले ते उठेनात. म्हणाले, "आमच्या लाजेवर तुम्ही स्वतःचं पांघरूण घातलंत. येत्या दोन वर्षांत दुसऱ्या कुणाची आवाजाची चिप आमच्या दारात येणार नाही."

मी तोंड उघडणार होतो. सागारा साहेबांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि म्हणाले, "छे छे, त्यात काय एवढं." आता ते प्रत्येक बैठकीत नव्या पोरांना समजावतात, की गिऱ्हाइकापाशी कधी कधी न केलेल्या चुकीचीही क्षमा मागावी लागते, ही खरी विक्री. मला मात्र आवाझु साहेबांच्या तोंडाकडे बघवत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि माणसं कावळ्याच्या पाया पडताहेत.

नवी लाइन सोमवारपासून दोन पाळ्यांत चालणार आहे. पोरींना सांग. नको, कारखाना सांगेल. तू फक्त मोची जास्त कर.

तुझा
सोहेइ

*

कामिसे, ६ डिसेंबर

सोहेइस पोटभर आशीर्वाद.

पाच लगडी पाहून तुला नवल वाटलं? मला नाही. त्याच मंगळवारी संध्याकाळी ओसाकाहून फोन आला होता. एक गृहस्थ म्हणाले, "तुमच्याच दुकानाचा योकान हवा, त्यांनी आम्हाला दिला त्याहून जड." म्हटलं, किती? म्हणाले, "चार." मी म्हटलं, साहेब, चार हा मरणाचा आकडा, भेटीत कुणी देतं का? पाच घ्या. पाच लगडींचा डबा असतोच कुठे? कोपऱ्यावरच्या सुताराकडून पेटी करून घेतली. कुणाकडे जाणार, कशाला, एक शब्द विचारला नाही. तुला कळवलंही नाही. गिऱ्हाइकाचं गुपित फक्त तुम्हालाच ठेवता येतं असं समजू नकोस.

खरं सांगायची तुला उबळ येते ते कळतं. पण ज्याला सांगशील त्याचं हसं होईल, तुझं नाही. आवाझु-सानना आयुष्यात एकदा वाटलं की जगात चांगली माणसं आहेत. राहू दे ते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुरोइवा आज चार वाजता आला. छत्री मागायला, म्हणाला. मी त्याला टुणटुण सांगितलं, चित्र मेलं तरी आवाज वाजत राहिला ते. तो बराच वेळ छत्रीच उघडझाप करत उभा राहिला. मग दोन ताटल्या डांगो खाल्ला आणि तिसरी मागितली.

फुमिनो आत्या

*

ओसाका, ६ फेब्रुवारी १९९१

आत्यास वाकून नमस्कार.

प्लमला कळ्या धरल्या आहेत. या वेळी मी स्वतः पाहिल्या.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, सतरा तारखेला, एका घरी जायचंय. कशाला ते आत्ताच सांगता येत नाही, अजून काही पक्कं नाही. काळा सूट घालणार आहे. खाली वाकायचं आहे. माझं सगळं त्या माणसांच्या मर्जीवर आहे. प्रसंगाला शोभेल अशी मिठाई पाठवशील का?

सोहेइ

*

कामिसे, ९ फेब्रुवारी

प्रसंग लिही. त्याशिवाय या दुकानातून एक दाणा हलणार नाही.

फु.

*

ओसाका, ११ फेब्रुवारी (पोस्टकार्ड, द्रुत टपाल)

मिझोगुची चिसातो. तिच्या वडिलांकडे तिला मागायला चाललोय. तिला योकानची खरी गोष्ट सांगितली आहे, ती हसता हसता खुर्चीवरून पडली. म्हणाली, आत्याला विचारल्याशिवाय माझ्या घरी काही आणू नकोस. हे पोस्टकार्ड आहे, म्हणजे पोस्टमननं वाचलंच असणार. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

सो.

*

कामिसे, १३ फेब्रुवारी

सोहेइस आणि चिसातोस अनेक आशीर्वाद.

पोस्टमननं वाचलं. कुरोइवानंही वाचलं, गल्ल्यावर पडलं होतं. त्यानं तुझ्या नावानं डांगोची एक ताटली पोरींना वाटली. पैसे त्यानं दिले नाहीत, पण भावना चांगली होती.

पहिल्यांदा मी लाल-पांढरे मांजू भरायला घेतले. निम्मा डबा भरून झाला आणि हात थांबला. तू लिहिलं होतंस, त्या घरी कोतात्सुच्या चारी बाजू भरलेल्या होत्या. त्यातली एक बाजू आता तू रिकामी करणार. पुढच्या हिवाळ्यात ती म्हातारी आजी संत्रं सोलेल, सवयीनं त्या बाजूला पुढे करेल, आणि तिथे घ्यायला कुणी नसेल. तू कितीही चांगला असलास तरी हे होणारच.

मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या कंपनीनं तुला उचलून ओसाकाला नेलं तेव्हा माझ्या कोतात्सुचंही तेच झालं. त्यांच्याकडून कुणी दारात आलं नाही. तांदळाच्या चकत्यांचं पुडकंसुद्धा नाही. मी तक्रार करत नाही, पण कुणी आलं असतं, वाकलं असतं, तर बरं वाटलं असतं.

म्हणून तीन लगडी पाठवते आहे, राखाडी कागदात. या वेळी चुकलेलं नाही. मुलीला जड वाटला तरी चालेल, तो तिच्यासाठी नाही. वडिलांच्या आणि आजीच्या पुढे ठेव, वाक, ऊठ म्हणेपर्यंत उठू नकोस आणि कारणं देऊ नकोस. मांजू त्यांनी हो म्हटल्यावर पाठवेन, ते भरून ठेवलेत.

एप्रिलच्या सुट्टीत दोघं या. तोवर इथे ऊन तापलेलं असेल, शेजारणी हसतील, पण कोतात्सु काढून ठेवणार नाही.

फुमिनो आत्या